डाव्या बाजूचा पिस्टन

पनवेल, १४ नोव्हेंबर

निनाद,

'प्रिय' लिहायचा प्रश्नच येत नाही, आणि 'स. न. वि. वि.' लिहायला तू काही माझा व्याही नाहीस. तुझी गाडी पोचली. काल सकाळी अकराला ट्रकवाल्यानं ती उरण नाक्याजवळ माझ्या वर्कशॉपच्या दारात उतरवली. हिरवा रंग उडालाय, पुढच्या काचेची चौकट गंजलीय, हूडच्या कापडाला उंदरांनी दोन खिडक्या पाडल्यात. एकोणीस वर्षं कुलपात राहिलेली १९३९ची प्लिमथ आणखी कशी असणार?

तुझं टाइप केलेलं पत्रही मिळालं. "प्रति, कोमल मोटर वर्क्स." जिच्या डब्यातली जवळ्याची चटणी तू घरच्यांपासून लपून बोटांनी चाटून खायचास, तिला तू 'प्रति' लिहितोस. पुढे काय, तर वडील आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, जानेवारीत लोणावळ्याच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत हूड आपोआप उठताना त्यांना एकदा बघायचंय, मुंबईत तिघांनी नाही म्हटलं, हे काम फक्त तुमच्याकडेच होतं. मागचं मनात ठेवू नये. काम कुठं दिलंय ते कृपया वडिलांना कळू देऊ नये.

मनात नको ना? ठीक आहे, कागदावर ठेवते.

हे हूड विजेवर चालत नाही. इंजिन चालू असताना जी हवा आत ओढतं, त्या ओढीवर ते उठतं. पुढच्या सीटच्या मागे दोन बाजूंना दोन सिलिंडर, प्रत्येकात पितळेचा एक पिस्टन, आणि पिस्टनला सायकलच्या पंपात असतो तसा चामड्याचा वायसर. चामडं वाळलं की हवा गळते आणि हूड जागचं हलत नाही. माझे आबा ते चामडं मुशी माशाच्या तेलात भिजवायचे, ज्या तेलानं आमच्या कोळीवाड्यात होड्या माखतात त्याच तेलात. वास असा की दोन दिवस हाताला जेवण गोड लागू नये, पण वायसर दहा वर्षं लोण्यासारखा राहायचा. त्यासाठी मुंबईच्या साहेब लोकांच्या गाड्या आबांकडे, त्यांच्या तोंडी 'आनंदा'कडे, पनवेलला यायच्या.

एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांनी, कमलाकर साहेबांनी, आबांना नवीन पनवेलच्या बंगल्यावर बोलावलं. दोन्ही सिलिंडर उघडून व्हरांड्यात मांडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी डावा पिस्टन गायब. दुपारी साहेबांनी पोलीस बोलावले. आनंदानं पितळ विकलं, दुसरं कोण विकणार? आबा दोन दिवस चौकीतल्या बाकावर बसून होते. काहीच सापडलं नाही तेव्हा सोडून दिलं, पण चोर हा शब्द काही सुटला नाही. रॅलीवाल्यांनी पाठ फिरवली. आय तुमच्या गल्लीत मासळी विकायची, तर तिची टोपली दिसली की बायका आधी पाकीट आत नेऊन ठेवायच्या. चार वर्षांपूर्वी गेली बिचारी, त्या गल्लीचं नाव काढत गेली.

आबांनी तेव्हापासून हत्याराला हात लावलेला नाही. आणि कुणाच्याही घरून निघताना ते दारात थांबतात, दोन्ही खिसे उलटे करून दाखवतात, मग चप्पल घालतात. लग्नाघरी, मयताच्या घरी, माझ्या सासरी सुद्धा. एकाहत्तर वर्षांचा माणूस.

मी काम घेतलंय. का घेतलंय ते तुला कळेल.

कोमल

पनवेल, २९ नोव्हेंबर

निनाद,

सापडला.

काय ते तुला सांगायला नको, तरी लिहिते, म्हणजे पुढे 'मला कळलंच नाही' म्हणायची सोय राहणार नाही. डाव्या सीटमागची आतली पाटी आज उघडली. सहा स्क्रूंपैकी दोन तिरके पिळलेले, डोकी खरवडलेली, घरातल्या सुरीनं पिळल्यासारखी. आबांच्या हातून असलं काम कधीच झालं नसतं. पाटीमागे चाकाच्या वरच्या पोकळीत तो डावा पिस्टन पडला होता. तुमच्याच गाडीत, तुमच्याच गॅरेजमध्ये, तुमच्याच कुलपात.

मी तो उजेडात धरला. मग वास घेतला. वायसर एका बाजूनं फाटलेला, आणि त्याला खवट झालेलं खोबरेल. मुशीच्या तेलाचा मागमूस नाही. उजवा वायसर तेव्हा डब्यात भिजत होता, डाव्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती, हे मला पक्कं आठवतं.

आमच्याकडे चामड्याला खोबरेल कुणी लावत नाही. थंडीत ते गोठतं आणि चामडं ताठ होतं, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ते न कळणारा एकच माणूस होता. त्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास. "कोमल, मुशीच्या तेलाचा वास हाताला राहिला तर बाबांना कळेल. खोबरेल चालेल का गं?" मी म्हटलं, "चालेल की, डोक्याला." आणि आपण दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन गेले आणि त्या रडारडीत तो फोन माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच. इतकी वर्षं! याबद्दल मी स्वतःला काय काय बोलले ते तुला सांगणार नाही.

साहेब तुला म्हणायचे, याला साधा खिळा ठोकता येत नाही. तुला त्यांना करून दाखवायचं होतं. आबा घरी गेल्यावर तू डावा पिस्टन उचललास, खोबरेल चोपडलंस, सिलिंडरमध्ये कोंबलास. कोरडा वायसर फाटला. तू घाबरलास आणि पिस्टन पाटीमागे टाकलास. इथपर्यंत मी समजू शकते. चोवीस वर्षांच्या पोराकडून अशा चुका होतात.

पण सकाळी साहेब ओरडत होते तेव्हा तू तिथंच उभा होतास. पोलीस आले तेव्हा उभा होतास. चौकीबाहेर तू मला पाण्याची बाटली दिलीस आणि म्हणालास, "होईल सगळं ठीक." ते पाणी मी प्यायले, हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

आपलं लग्नाचं चाललं होतं ते फक्त आयला माहीत होतं. ती म्हणाली होती, "पोरगा बरा हाय, पन बापासमोर त्याचे तोंडातून शब्द नाय फुटत." मी तिच्यावर चिडले होते.

पंधरा डिसेंबरपर्यंत ये. साहेबांना घेऊन ये आणि आबांसमोर उभं राहून तुझ्या तोंडानं सांग. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी ऐकून घेईन, म्हणून तर पत्र लिहितेय.

आणि एक सांग. पाटीमागे काय आहे हे ठाऊक असून गाडी माझ्याकडे पाठवलीस? का खरंच विसरलास? विसरला असशील तर ते जास्त वाईट.

कोमल

पनवेल, १७ डिसेंबर

निनाद,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तेव्हा तू लहान होतास. साहेबांचं हृदय नाजूक आहे. जुनं उकरून कुणाचं भलं होणार? पिस्टन कुरिअरनं पुण्याला पाठवून द्यावा.

पटलं मला. कशाला उकरायचं?

तर कामाचं लिहिते. लाकडी कमानी तासून सरळ केल्या, नवं कापड शिवून बसवलं, रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. उजव्या पिस्टनच्या मापानं डावा नवा पिस्टन लेथवर काढला. मूठ ओढली की हूड काय सुंदर उठतं म्हणून सांगू! परवा दुपारी तीन वाजता कडकडीत उन्हात तीनदा चालवून पाहिलं, दोन्ही बाजू एकदम वर. व्हिडिओ पाठवलाय, त्यात माझ्या वर्कशॉपची पाटी येऊ दिलेली नाही, साहेबांना बिनधास्त दाखव.

रॅली सकाळी सातला सुरू होते ना? लोणावळ्याला त्या वेळी चांगलाच गारठा असतो. साहेबांना स्वेटर घालायला सांग. आणि हूड त्यांच्या हातानंच उघडू दे, अगदी मधोमध, सगळ्यांना दिसेल असं.

जुना पिस्टन कुठं ठेवला ते आठवत नाहीये. मीही तेव्हा लहानच होते ना.

कोमल

पनवेल, २६ डिसेंबर

निनाद,

मागच्या पत्रातला गोडवा खोटा होता हे तू ओळखशील अशी एक वेडी आशा होती. तू तर 'थँक्स कोमल' असा मेसेज केलास, वर एक फूल पाठवलंस.

आता सांगायला हरकत नाही. उजव्या वायसरला मी मुशीचं तेल पाजलं होतं आणि डाव्याला खोबरेल. पनवेलच्या दुपारी दोन्ही सारखेच मऊ. लोणावळ्याच्या सकाळी डावा गोठून बसला असता, उजवा सुटला असता, हूड तिरकं उठलं असतं आणि कमान कडाडून मोडली असती. साहेब त्यांच्या त्या सगळ्या मित्रांसमोर, मोडक्या हूडखाली. तुझ्याच तेलानं. चार दिवस मी हे डोळ्यांसमोर आणत होते आणि मला झोप छान लागत होती.

आबांनी सगळ्यावर पाणी फिरवलं.

ते रोज चहाला वर्कशॉपमध्ये येतात, दाराशी स्टुलावर बसतात आणि उलव्याकडे जाणारे डंपर मोजतात. तुझी गाडी मी ताडपत्रीखाली ठेवली होती. मला वाटलं त्यांना माहीत नाही, पण त्यांनी पहिल्याच दिवशी ताडपत्रीवरून ओळखली होती. गेल्या बुधवारी ते उठले, गाडीपाशी गेले, आधी दोन्ही खिसे उलटे केले. माझ्याच वर्कशॉपमध्ये. मग सीटमागे वाकले आणि वास घेतला.

"पोरी, डाव्या अंगाला खोबरेल कुनी लावला?"

"मी."

"चुकून?"

"नाय. जानून."

मी ड्रॉवर उघडला, जुना पिस्टन काढून त्यांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. तुझा तो फोन सुद्धा सांगितला. त्यांनी पिस्टन फिरवून फिरवून पाहिला, फाटल्या जागी नख लावलं. मी वाट बघत होते की आता तरी हा माणूस एक शिवी देईल.

"येवऱ्या जवल व्हता?" एवढ्या जवळ होता का, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "आबा, राहू दे ते खोबरेल. मोडू दे त्यांचं हूड."

तेव्हा मात्र चिडले. "आनि मंग नाव कोनाचा जाईल? त्या पोराचा? माजा जाईल. लोक बोलतील, पयला पितल नेला, आता गारी मोरली. माजे हातची वस्तू वाकरी उठाची नाय. चामरा दे इकरं."

त्यांनी चामडं कापलं. एकोणीस वर्षांनी हत्यार धरलं, तरी कड एकसारखी गोल आली. वायसर चार दिवस मुशीच्या तेलात बुडवून ठेवला, रोज सकाळी बोटानं दाबून बघायचे. वर्कशॉपला तो वास लागला आणि शेजारचा टायरवाला नाक दाबून विचारायला आला, काय मेलंय का म्हणून. आबा हसले. त्यांना असं हसताना माझ्या मुलानं पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी मला बजावलंय, हूडला हात लावायचा नाही. लावणार नाही. पण साहेबांना फोन करू नकोस असं ते काही बोलले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

तर, रविवारी सकाळी दहाला साहेब गाडी बघायला येताहेत. मीच बंगल्यावर फोन केला, पत्ता दिला. हे पत्र स्पीडपोस्टनं टाकतेय, शनिवारी मिळेल. पुण्याहून पनवेल दोन तासांचा रस्ता आहे. त्यांच्या आधी पोचलास तर तुझं तू सांगशील. नाही पोचलास तर मी सांगेन, आणि माझं तोंड तुला माहीत आहे.

कोमल

पनवेल, १३ जानेवारी

निनाद,

तू आला नाहीस. फोनवर जे झालं ते तू ऐकलंस, पण तुला काही दिसलं नाही. ते राहून जाऊ नये म्हणून लिहितेय.

साहेब रिक्षानं आले. काठी टेकत आत शिरले, आबांना पाहिलं आणि थबकले. "गाडी इथं आहे?" मी तुझं 'प्रति'वालं पत्र त्यांच्या पुढ्यात धरलं. "हे काम दुसरीकडे होत नाही, साहेब. तुमच्या मुलानंच लिहिलंय." त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मी इंजिन सुरू केलं. आबांनी त्यांना गाडीत बसवून मूठ दाखवली. हूड उठलं, दोन्ही बाजू एका श्वासात, कुरकुर नाही की हिसका नाही. साहेबांचे डोळे भरले. मला दया आली नाही, तू विचारशील म्हणून सांगते. म्हणाले, "आनंदा, हात तोच आहे हो तुझा." मग म्हणाले, "डावा पिस्टन नवा केलात ना? जुना तर..." आणि थांबले.

आबा चहा सांगायला निघाले. गाडीपासून बाजूला होताना सवयीनं त्यांनी दोन्ही खिसे बाहेर काढले. चुन्याची डबी जमिनीवर पडली.

"हे काय करतोयस?" साहेबांनी विचारलं.

"सवय हाय, साहेब. तुमचे बंगल्यावरशी नेला ना मना, तवापासून."

तेव्हा मी जुना पिस्टन साहेबांच्या हातात दिला. पाटी उघडून पोकळी दाखवली, खरवडलेले दोन स्क्रू दाखवले, तुझं 'तेव्हा मी लहान होतो' दाखवलं. त्यांनी वायसर नाकाशी नेला. वास त्यांनाही कळला. घरातल्या तेलाचा वास कुणाला कळत नाही?

त्यांनी गाडीतून उतरून तुला फोन लावला आणि स्पीकर चालू करून बॉनेटवर ठेवला. तू म्हणालास, "हां बाबा, कसं झालंय हूड?"

ते म्हणाले, "निनाद, डावा पिस्टन कुठं होता?"

तू गप्प. मी मूठ ढकलली. हूड मागे गेलं, घडी पडली, सीटमागे बसलं. तू गप्प. मी मूठ परत ओढली. हूड वर आलं, पसरलं, काचेच्या चौकटीला टेकलं. तेवढा वेळ तू गप्प होतास. मग म्हणालास, "बाबा, मी घाबरलो होतो." एकोणीस वर्षांत बापासमोर तुझ्या तोंडून शब्द फुटला तो हा. त्यांनी फोन बंद केला.

आबा चहा घेऊन आले तेव्हा साहेब काठी सोडून उभे राहिले. हात जोडले आणि माफी मागायला लागले. आबा म्हणाले, "मना एकट्याला नका सांगू. तवा सगल्यांला सांगितला व्हता." मी आबांकडे बघतच राहिले. मला वाटत होतं सुडाचं डोकं मी आयकडून घेतलंय.

तर काल लोणावळ्यात सगळ्यांना सांगून झालं. सकाळी सात, तोंडातून वाफा निघत होत्या. साहेबांच्या शेजारची सीट तुझी ठरली होती ना? तिथं आबा बसले, लग्नातला कोट घालून. हूड त्या गारठ्यात नजर लागेल असं उठलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या हातून माईक घेतला आणि म्हणाले, "हे काम पनवेलच्या आनंदाचं. तुमच्यापैकी पुष्कळांना मी सांगितलं होतं की हा चोर आहे. हा चोर नव्हता. वस्तू माझ्या मुलानं लपवली आणि ह्याला चौकीत बसू दिलं. माझ्या मुलाचं नाव निनाद." तुझं नाव त्यांनी दोनदा घेतलं, कारण मागच्या रांगेतल्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं. तुझे ते पुण्याचे क्लबवाले मित्र पुढच्याच रांगेत होते.

त्यांचं हृदय नाजूक वगैरे काही नाही. नंतर दोन बटाटेवडे खाल्ले.

माझं समाधान झालं का? झालं. भरपूर झालं. मी तुला माफ केलंय असं मात्र कुणाला सांगत फिरू नकोस. ज्या बाईला ऐकायला हवं होतं ती चार वर्षांपूर्वी गेली, तिच्यापर्यंत कुठला माईक पोचणार?

येताना साहेबांनी आम्हाला बंगल्यावर नेलं. त्याच व्हरांड्यात बसून आबांनी चहा घेतला. निघायच्या वेळी ते दाराशी थांबले आणि त्यांचा हात खिशात गेला. मला ते बघवेना, तरी मान फिरवली नाही. साहेबही तिथंच उभे होते. आबांनी खिशातून रुमाल काढला, मिशीला लागलेला चहा पुसला, रुमाल परत खिशात ठेवला, आणि पायऱ्या उतरून चपला घातल्या.

फाटका वायसर सोबत पाठवतेय, तो तुझाच आहे. पिस्टन साहेबांनी ठेवून घेतला, दिवाणखान्यात दर्शनी ठेवणार आहेत. तुला त्यांचा एक निरोप आहे, जशाच्या तसा लिहिते: पुढच्या वेळी घरी आलास तर चहा पाणी सगळं होईल, फक्त निघताना दारात थांबायचं आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे.

कोमल